हैदराबादेत नारायणपेठी कुठे बघू? (आणि माझी पाच वर्षांची खरेदी)

वैदेही_म

नमस्कार मंडळी, मोठं लिहिणार आहे, आधीच सांगते. प्रश्न शेवटी आहे, घाईत असाल तर सरळ खाली जा.

पाच वर्षं झाली मला पुण्याहून हैदराबादला येऊन. मियापूरला राहते. पहिलं वर्षभर मी इकडे एक रुमाल सुद्धा घेतला नाही, पुण्यात गेले की लक्ष्मी रोड नाहीतर तुळशीबाग, तिथून बॅग भरून आणायची, कारण इकडे भाषा येत नव्हती, कुठला बाजार कशासाठी हे माहीत नव्हतं आणि घराजवळच्या मॉलमध्ये जे मिळतं ते पुण्यातल्या मॉलमध्ये पण मिळतंच की. मग ऑफिसमधल्या एका तेलुगू मैत्रिणीने मला आंध्रातल्या मंगळगिरीचं अडीच मीटर कापड आणून दिलं. साधं, प्लेन, रंग आपल्याकडे चिंतामणी म्हणतात तसा, आणि काठाला बारीक जरीची पट्टी. त्या पट्टीला इकडे निजाम बॉर्डर म्हणतात. मी त्याचा कुर्ता शिवला आणि मे महिन्यात घातला, आणि हैदराबादच्या मे महिन्यात पहिल्यांदा अंगावरचं कापड नकोसं झालं नाही. तिथून माझी सुरुवात झाली.

आता माझ्या कपाटात जे आहे ते बहुतेक सगळं इथलं आहे. आंध्रातल्या पेडना गावच्या ठशांच्या कलमकारीचे दोन कुर्ते, त्या रंगांचं काय सांगू, मजिठाचा लाल आणि काळा, धुऊन धुऊन उलट छान दिसायला लागलेत. मग्गम वर्क केलेले तीन ब्लाऊज, म्हंजे कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतात आणि त्यावर सुईने जरदोसी, मणी, खडे, आमच्या गल्लीतच एक कारागीर करतात आणि मी तासभर नुसती बघत उभी राहिले होते. आणि इकडे साडीच्या पदराला जे गोंडे बांधतात ना, कुच्चुलू म्हणतात, ते मी आईच्या दोन जुन्या साड्यांना पण करून घेतले, साडीचं रूपच बदलतं, पुण्यात सगळ्यांनी विचारलं कुठून केलंस.

एकदा फसले पण आहे. मागच्या दिवाळीआधी एका मोठ्या दुकानातून पोचमपल्ली सिल्क म्हणून साडी घेतली, साडेआठ हजारांची. घरी आणून उलटी केली तर आतून रंग फिका! इक्कत, म्हणजे धागे आधी रंगवून मग विणलेलं, ते नव्हतंच, वरून छापलेलं होतं. परत करायला गेले तर फॉल लावलाय म्हणून घेतली नाही. पैसे गेले त्यापेक्षा मला वाईट ह्याचं वाटलं की मी ती हौसेने सासूबाईंना दिली होती आणि पोचमपल्लीची आहे असं सांगून दिली होती.

तर प्रश्न. आई पुढच्या महिन्यात येतेय, तिला पासष्टावं लागतंय. माझ्या आजीकडे एक नारायणपेठी होती, नऊवार, आमसुली रंगाची, अंगात बारीक चौकडा, काठ रुंद आणि पदराला लाल-पांढरे पट्टे. आजी गेल्यावर आईने ती गोधडीत घातली कारण साडी विरली होती, आणि त्या गोधडीत काठाचा तुकडा अजून दिसतो. आई दरवेळी त्याच्यावरून हात फिरवते. तशी साडी मला आईला घ्यायची आहे, सहावार चालेल. पुण्यात नारायणपेठी म्हणून जे दाखवतात ते कृत्रिम धाग्याचं चमचमतं असतं. आणि ते नारायणपेठ गाव तर ह्याच राज्यात आहे, हैदराबादपासून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर! मला हे इकडे येईपर्यंत माहीत नव्हतं. खरी कुठे बघू? आणि खरी कशी ओळखू? बजेट चार हजारांपर्यंत, जरा पुढेमागे चालेल. शिवाय आईला घेऊन बाजार फिरायचाय तर कुठे कुठे नेऊ तेही सांगा, तिचे गुडघे दुखतात, फार चालवणार नाही.

---

काचीगुडेकर

वैदेही, तुझी गोधडी वाचून माझ्या आईची ट्रंक आठवली गं.

मी मूळची परभणीची, लग्न होऊन हैदराबादला आले त्याला बत्तीस वर्षं झाली. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना हे शहर परकं नव्हतंच कधी, १९४८ पर्यंत आपण सगळे निजामाच्याच राज्यात, माझ्या आजोबांची कोर्टाची कामं इथेच चालायची आणि येताना आजीसाठी बांगड्या आणि नारायणपेठी यायची. नांदेड, परभणीकडची लग्नाची खरेदी अजून पण हैदराबादलाच होते बऱ्याच घरांत. इथल्या जुन्या शहरातली बाई "नक्को" म्हणाली की मला पहिल्यापासून घरच्यासारखं वाटतं, तो आपलाच "नको" आहे, इथल्या दख्खनी उर्दूत राहिलाय.

नारायणपेठीबद्दल सांगते. तिथले विणकर शिवाजी महाराजांच्या फौजेबरोबर आले आणि तिथेच राहिले अशी गोष्ट सांगतात, खरं खोटं मला माहीत नाही पण वळण बघितलंस तर कळेल की साडी आपल्याच बायकांसाठी विणलेली आहे. काठाचा रंग अंगाच्या रंगाहून वेगळा, डाळिंबी, मरून नाहीतर चॉकलेटी, आणि पदर तू म्हणतेस तसाच पट्ट्यापट्ट्यांचा. पूर्वी मागावर एकदम आठ साड्यांचा ताणा, म्हणजे उभे धागे, चढवायचे, म्हणून एकाच रंगाच्या आठ साड्या निघायच्या. माझ्या आजीची आणि तिच्या जावेची साडी अगदी एकसारखी होती, मी लहानपणी विचारायची की दोघींनी एकत्र घेतली का, ते कारण मला इथे आल्यावर समजलं.

कुठे घ्यायची तर पहिलं सरकारी हातमाग सोसायटीचं दुकान बघ, नाव पूर्वी टेस्को होतं आता टीजीको झालंय, शहरात त्यांची बरीच दुकानं आहेत. दिवे झगमगाटी नसतात आणि माणसं उठून दाखवायला येत नाहीत, आपणच मागायचं, पण माल खरा असतो आणि वर्षातून काही वेळा सूट असते. कॉटनची नारायणपेठी तुझ्या बजेटमध्ये आरामात बसेल, सिल्कला जरा वर जावं लागेल. आईला चालवायचं नसेल तर हे उत्तम, खुर्चीवर बसून बघता येतं. दुसरं, माधापूरचं शिल्पारामम, तुला मियापूरहून जवळ, कारागिरांचे स्टॉल लागतात, झाडं आहेत, बसायला जागा आहे. पण तिथे सगळंच हातमागाचं असतं असं नाही, डोळे उघडे ठेवून घे.

आषाढात येणार असतील तर सांग, आषाढात इकडे लग्नं नसतात म्हणून सगळ्या दुकानांत सेल लागतात. पण चांगल्या साडीसाठी मी त्या गर्दीत जाणार नाही.

---

पोचम्मा_सोलापूर

मी सोलापूरची, पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातली. घरात तेलुगू, बाहेर मराठी. माझ्या पणजोबांच्या वेळी आमचे लोक तेलंगणातून माग घेऊन सोलापूरला आले आणि मी उलटी शिकायला हैदराबादला आले, चार वर्षं राहिले. त्यामुळे ह्या विषयावर मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

ताई तुमच्या पोचमपल्लीचं वाचून फार राग आला. इक्कतमध्ये कापड रंगवत नाहीत, धागाच आधी बांधून रंगवतात, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी गाठी मारतात, जिथे गाठ तिथे रंग चढत नाही, मग सोडायचं, पुन्हा दुसरीकडे बांधायचं, पुन्हा रंग. म्हणून रंग धाग्याच्या आरपार असतो आणि साडी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. आणि नक्षीची कड कधीच सुरीने कापल्यासारखी नसते, थोडी पसरलेली असते, पाण्यात रंग सुटावा तशी. कड फार रेखीव दिसली की समजायचं छापील. उलटी बाजू बघितल्याशिवाय घडी घालू द्यायची नाही, हा एक नियम ठेवा. दुकानदार म्हणेल घडी मोडते, मोडू दे.

हातमाग ओळखायला काठाच्या अगदी कडेला बघा, टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असतात कारण कापड ताणून धरायला पट्टी लावतात तिला टोकं असतात. अगदी पक्की खूण नाही ती, पण बाकीच्या गोष्टींबरोबर बघायची. विणीत कुठे कुठे धागा जाड-बारीक असतो, तो दोष नाही. सिल्क असेल तर सिल्क मार्क मागा आणि हातमागासाठी हँडलूम मार्क. आणि दुकानात सरळ विचारा, "इदि चेनेता, मरमग्गमा?" चेनेता म्हणजे हातमाग, मरमग्गम म्हणजे पॉवरलूम. हे शब्द तुमच्या तोंडून ऐकले की दाखवणाऱ्याचा सूर बदलतो, मी अनुभवलंय. भावासाठी "तग्गिंचंडी", म्हणजे कमी करा. पण हे विणकराच्या घरी म्हणू नका, कृपा करून.

कारण ऐका. पोचमपल्लीची साडी विणायच्या आधी आडव्या धाग्याची मांडणी करावी लागते, तिला आसू म्हणतात. अर्धगोल खुंट्यांच्या भोवती हात पुढे-मागे नेऊन धागा गुंडाळायचा, एका साडीला साधारण ९ हजार वेळा हात फिरतो, चार-पाच तास, आणि हे काम घरातल्या बायका करायच्या. खांदे आणि कोपर कामातून जायचे. चिंतकिंदी मल्लेशम म्हणून त्याच भागातले आहेत, त्यांनी आईचे हाल बघून १९९९ साली ह्याचं मशीन बनवलं आणि आईच्या नावाने त्याला लक्ष्मी आसू नाव दिलं. शिक्षण सहावी-सातवीपर्यंतचं. २०१७ ला पद्मश्री मिळाली त्यांना. माझी आज्जी विडी वळायची सोलापूरला, तिचे हात मी बघितलेत, त्यामुळे ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते.

जमलं तर आईंना पोचमपल्लीला घेऊन जाच. एल.बी. नगरवरून विजयवाडा हायवे धरायचा, शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटर, गाडीत बसून जाणं आहे, चालणं नाही. आणि गावाचं नाव भूदान पोचमपल्ली का आहे ते आईंना नक्की माहीत असेल, आपले विनोबा १९५१ ला तिथे गेले होते आणि एका जमीनदाराने १०० एकर जमीन दिली, भूदान तिथून सुरू झालं. गावात विनोबांचं स्मारक आहे.

---

रेशीम_गाठ

वरच्या दोघींना अनुमोदन. मी फक्त बांगड्यांचं बोलते कारण माझा जीव त्यातच आहे.

आईंना लाड बाजारला न्या, चारमिनारच्या पश्चिमेला लागूनच गल्ली आहे. मेट्रोने एमजीबीएस (महात्मा गांधी बस स्टेशन) स्टेशनला उतरा, तिथून ऑटो करा, गाडी घेऊन जाऊ नका. सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा गर्दी कमी असते. संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते आणि रमजानमध्ये तर रात्रभर बाजार चालतो, ते एकदा बघण्यासारखं आहे पण गुडघेदुखीवाल्यांसाठी नाही.

लाखेच्या बांगड्या घ्यायच्या, त्यांना २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. पुढे काचेच्या आणि धातूच्या चकचकीत बांगड्या लावलेल्या असतात, त्या कुठेही मिळतात. तुम्ही आत जिथे निखाऱ्याची शेगडी आहे तिथे जा. लाख गरम करून मऊ करतात, लांबवतात, गोल वळवतात आणि गरम असतानाच एकेक खडा चिमट्याने बसवतात. बांगडी घट्ट होत असेल तर तिथेच शेकून सैल करून देतात. आईंच्या हातात सांध्यांमुळे बांगडी चढत नसेल तर हे फार उपयोगी आहे, माझ्या सासूबाईंनी कितीतरी वर्षांनी हातभर बांगड्या घातल्या त्या इथल्या. घरी नीट ठेवा फक्त, उन्हात गाडीत विसरलात तर वाकतात.

मोती हवे असतील तर पत्थरगट्टी तिथून जवळच. इथे मोती पिकत नाहीत, निजामाच्या काळी आखातातून यायचे, आता बरेचसे चीनमधून येतात, इथलं कौशल्य आहे ते भोक पाडणं, निवडणं आणि ओवणं. खरा मोती दाताला किंचित खरखरीत लागतो, प्लास्टिकचा गुळगुळीत. बिल घेतल्याशिवाय घेऊ नका.

---

मीनल_आर

सगळ्यांचं वाचून छान वाटलं पण एक बोलू का. मी इथे पीजीमध्ये राहते, पगार नवीन आहे. मी सुलतान बाजार, कोठीला जाते, तिथे साडेतीनशेला कुर्ता मिळतो आणि छापील पोचमपल्लीच्या डिझाईनची साडी मला सहाशेला मिळाली, मला ती खूप आवडते आणि मी ती ऑफिसमध्ये बतुकम्माला, म्हणजे इकडच्या फुलांच्या सणाला घातली, सगळ्या मुली फुलांच्या बतुकम्माभोवती फेर धरत होत्या आणि मला पहिल्यांदा इकडचं वाटलं. मग मी चुकीचं केलं का? हातमागच घ्यायला पाहिजे असं सगळे म्हणतात तेव्हा मला जरा लाजल्यासारखं होतं.

---

पोचम्मा_सोलापूर

@मीनल_आर अजिबात लाजू नकोस. छापील साडी छापील म्हणून सहाशेला विकली त्यात काही चूक नाही, तू पैसे दिलेस, साडी आवडली, संपलं. राग आहे तो छापील साडी हातमाग म्हणून साडेआठ हजारांना विकतात त्याचा. आमचे काका सोलापूरला पॉवरलूमवर टॉवेल विणत होते आयुष्यभर, त्यांचे कष्ट पण कष्टच. आणि सहाशेत बसणारं हातमागाचं पण मिळतं, साडी नाही पण पोचमपल्लीचा कॉटन दुपट्टा बघ, प्लेन कुर्त्यावर घाल.

---

नांदेडकर_७४

आमच्या सौ. सांगतायत ते लिहितो. बेगम बाजार होलसेलचा आहे, एखाद-दुसऱ्या वस्तूसाठी जाऊ नका. सिकंदराबादला जनरल बाजार बरा, साड्या, कापड, लेस, अस्तर सगळं एका ठिकाणी मिळतं आणि मॅचिंग करून देतात. गदवाल साडी पण बघा म्हणतायत, अंग सुती आणि काठ-पदर रेशमी, दोन्हींचे धागे विणतानाच मागावर एकमेकांत अडकवून जोडतात, उन्हाळ्यातल्या लग्नाला त्यासारखी साडी नाही. आणि तुमच्या आधारकार्डावर इथला पत्ता असेल तर साध्या बसला बायकांना तिकीट लागत नाही, ते वाचलेले पैसे कुच्चुलूला घाला.

---

वैदेही_म

सगळ्यांचे खूप खूप आभार, आई येऊन गेली, आता सविस्तर लिहिते.

पहिल्या दिवशी हातमागाच्या सरकारी दुकानात गेलो. काचीगुडेकर ताई, तुम्ही म्हणालात तसंच, आपणच मागायचं. मी "चेनेता" म्हटल्यावर काउंटरवरचे काका हसले आणि मागे जाऊन एक गठ्ठा घेऊन आले. नारायणपेठी कॉटन होत्या, छान होत्या, पण आमसुली नव्हती. जांभळी होती, मोरपिशी होती, राखाडी होती. आई म्हणाली मोरपिशी घेऊ, किती हट्ट करतेस. मी मोबाईलवर गोधडीचा फोटो काढून ठेवला होता तो काकांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, हा काठ आमच्याकडे येतो, पण ह्या अंगाबरोबर नाही, दुसऱ्या दुकानात विचारतो. फोन केला, तेलुगूत बरंच बोलले, आणि दोन दिवसांनी या म्हणाले.

मधल्या दिवसात पोचमपल्लीला गेलो. आई स्मारकापाशी बराच वेळ थांबली, तिचे वडील सर्वोदयाच्या शिबिरांना जायचे, हे मला माहीतच नव्हतं, तिने कधी सांगितलं नव्हतं. एका विणकराच्या घरी आसूचं मशीन चालू होतं. त्या घरातल्या आजी बाजूला बसल्या होत्या, त्यांनी आईला हात वर करून दाखवला की खांदा इथपर्यंतच उठतो, मशीन येण्याआधीची वर्षं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आईने आपला गुडघा दाखवला. मी तिथून सासूबाईंसाठी साडी घेतली, सात हजारांची, लाल-काळी-पांढरी, उलटी करून बघितली, दोन्हीकडून सारखी, आणि भाव केला नाही. सासूबाईंना फोन करून आधीच्या साडीचं पण खरं सांगितलं. त्या म्हणाल्या मला तीही आवडते, दोन्ही नेसेन.

लाड बाजारला आईच्या हातात खरंच बांगडी चढत नव्हती. त्या भाऊंनी दोनदा शेकली. हिरव्या घेतल्या, बारीक खड्यांच्या, आणि पुण्याला नेईपर्यंत आईने त्या हातातून काढल्या नाहीत, गाडीत ठेवल्या तर वाकतील म्हणून.

आणि साडी. तिसऱ्या दिवशी गेलो तर काकांनी बाजूला काढून ठेवली होती. अगदी आजीची नाही, आमसुली जरा जास्त लालसर आहे आणि चौकडा थोडा मोठा. पण काठ तोच, पदराचे पट्टे तेच. दोन हजार आठशे. आईने ती उलगडली, काठ हातात धरला, आणि मग मला म्हणाली, तू पण घे ना एक, आठ निघतात म्हणे एका ताण्यावर. काकांना विचारलं, त्याच रंगातली आणखी एकच होती.

ती माझ्या कपाटात आहे. पदराला कुच्चुलू करायला टाकायचेत. फॉल कॉटनचाच लावू ना? आणि पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवायची की सरळ थंड पाण्यात, तेवढं कुणीतरी सांगा.